माळकऱ्याच्या घरात डुकराचा जंत



ऐन वेचणीत आपल्या एका कार्यकर्त्याची सून कापसाच्या ओळीत कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल. मग देवऋषी झाला, लिंबू-नारळ झाले. शेवटी शहरात नेऊन मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, डुकराच्या मांसातून येणाऱ्या जंताची गाठ आहे. सासरा ताडकन उठला. "आम्ही माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही!"

दोघेही खरे बोलत होते. डॉक्टरांची निम्मी गोष्ट सांगायची राहिली, एवढेच.

बोंडअळीचे जीवनचक्र आपल्याला पाठ आहे, तसे हेही समजून घ्या. डुकराच्या मांसात जंताच्या बारीक गाठी असल्या आणि ते अर्धकच्चे खाल्ले, तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, कित्येक हात लांब वाढतो. त्या माणसाला फारसा त्रासही होत नाही. पण त्याच्या शौचावाटे हजारो अंडी बाहेर पडतात. मोकाट डुकराने ती विष्ठा खाल्ली की त्याच्या मांसात पुन्हा गाठी. आणि तीच अंडी न धुतलेल्या हाताने, कच्च्या कोथिंबिरीवरून, पाण्यातून माणसाच्या पोटात गेली, की अळी रक्तातून थेट मेंदूत जाऊन बसते. मांस खाल्ले एकाने, फेफरे दुसऱ्याला! तेव्हा डुकरे पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवण्याआधी सकाळी आपण लोटा घेऊन कोणत्या बांधावर जातो ते आठवा. मांस आतपर्यंत नीट शिजवले तर गाठ मरते. त्या जेवणात वावगे काही नाही.

फरदड मोडली की गुलाबी अळीची साखळी तुटते. इथे ती संडासाने तुटते. 2019 साली ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे सरकारने जाहीर केले. आमच्याकडे कित्येक संडासांत सरकीची पोती रचलेली आहेत. प्यायला पाणी नाही, तिथे ओतायला कोठून आणायचे?

सगळेच फेफरे जंताचे नसते. पण हा जंत मुरलेल्या अनेक भागांत फेफऱ्याच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे तोच असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपचार आहे. मात्र मेंदूत गाठ असताना दुकानातून जंताची गोळी आणून मनाने घेतली, तर सूज येऊन झटके बळावू शकतात. फेफऱ्याची गोळीही मनाने बंद करू नका.

ती सून सध्या माहेरी आहे आणि सासरी सोडचिठ्ठीची भाषा चालू आहे. हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून फेफरे 1999 सालीच वगळले, हे सासऱ्याला मी दोनदा सांगितले. फेफऱ्याच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात बारा महिने मिळाल्याच पाहिजेत, असा ठराव मी जिल्हा बैठकीत मांडणार आहे. अनुमोदन त्या सासऱ्याने द्यावे, असा निरोप त्याला धाडला आहे.