लेझर, आमवात आणि पहाटेची मूठ

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कळंबला कांदालागवडीच्या दिवसांत लवकर कामाला लागावं लागतं, आणि आमवात छळतो तोही नेमका सकाळी. बोटांची मूठ वळत नाही; धार काढायची कशी? मग कुणीतरी ‘लेझरचा शेक’ सुचवतं.

खरं तर हा शेक नव्हेच. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला इन्फ्रारेड दिवा सांधा तापवतो. कमी शक्तीच्या लेझरची ऊब फारशी जाणवतही नाही. त्याचा प्रकाश पेशींतल्या मायटोकाँड्रियांना चालना देतो, असा सिद्धांत आहे. सुरुवात १९६०च्या दशकात बुडापेस्टला झाली. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून लेझर सोडला, तर केस उलट लवकर उगवले!

आमवाताचं काय? २००५च्या कॉक्रेन आढाव्यात लटक्या उपचाराच्या तुलनेत वेदना दहापैकी सुमारे एका गुणाने आणि सकाळचा ताठरपणा २७.५ मिनिटांनी कमी आढळला. जवळजवळ अर्धा तास. गोठ्यात तो मोलाचा. पण हा आराम थोड्या दिवसांचा. २०२३च्या एका आढाव्याला तर इन्फ्रारेड लेझर लटक्या उपचाराहून सरस वाटला नाही.

सांध्याची झीज रोखणं हे मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांचं काम, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. त्यामुळे लेझरच्या ‘पॅकेज’ला पैसे मोजण्याआधी संधिवाततज्ज्ञ गाठावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आमवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घेतात, रोज नव्हे. वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा.