हुशार मुलाला काय द्यावे?

वाढदिवस आणि दिवाळी जवळ आली, की मुलांना काय द्यावे असे विचारणारी पत्रे आमच्याकडे हटकून येतात. बडोद्याच्या एका भगिनीने मात्र हाच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला आहे. त्यांची नऊ वर्षांची कन्या गुजराती माध्यमात शिकते, घरी मराठी बोलते. गणिते तोंडी सोडवते. परंतु वहीत पायऱ्या लिहिण्याचा तिला मनस्वी कंटाळा. वर्गात बाईंना प्रतिप्रश्न करते म्हणून प्रगतिपुस्तकावर 'उद्धट' असा शेरा आला आहे. गेल्या वाढदिवसाला मामांनी दिलेले गजराचे घड्याळ तिने दुसऱ्याच दिवशी उघडले आणि त्यातील चाके ताटात ओळीने मांडून ठेवली. आजी म्हणतात, पोर अतिशहाणी आहे. आई विचारतात, "आमची मुलगी हुशार समजावी की व्रात्य? आणि यंदा तिला काहीच न देणे बरे का?"

या पत्रातील शेवटच्या वाक्याने आम्हांला खरी चिंता वाटली. घड्याळ मोडले हे सर्वांना दिसले; चाके ओळीने मांडलेली होती, याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

हुशारी ओळखणे हे जाणत्यांनाही अवघडच गेले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील बुद्धिमान मुले निवडून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास आरंभिला. त्या निवडचाचणीत जी मुले उणी ठरली, त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. पुढे पहिल्यास १९५६ साली व दुसऱ्यास १९६८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले! चाचण्या निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ नव्हे. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचण्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविल्या आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. मुलाची बुद्धी त्याच्या भाषेतून मोजली पाहिजे, हा त्यामागील विचार आपल्यासारख्या घरांनी विसरू नये. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि रस्त्यावर कदाचित तिसरी, असे आपल्या मुलांचे असते. शब्द सापडण्यास लागणारा विलंब हा विचारातील मांद्य समजला जाण्याचा धोका त्यांच्याच वाट्याला अधिक येतो.

मग ओळखावे कसे? आमच्या मते, मूल कशात रमते ते पाहावे. या बाबतीत कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांचे उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते. मुंबईच्या चर्नी रोडजवळील बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज वाचत बसलेला असे. विल्सन हायस्कूलमध्ये शिकविणाऱ्या केळूसकरांनी त्याला पाहिले, त्याची विचारपूस केली. तो मुलगा म्हणजे इंदूरजवळच्या महू येथे १८९१ साली जन्मलेले भीमराव आंबेडकर. पुढे त्यांच्या परीक्षेतील यशाबद्दल भरलेल्या सभेत केळूसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते बडोद्याच्याच सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते.

ही आठवण बाबासाहेबांनी आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदविली आहे. ते पुस्तक वाचून त्यांनी वडिलांना सरळ प्रश्न केला, की रामायण-महाभारत वाचा म्हणून आपण आग्रह धरता. बौद्ध वाङ्मय आम्हांला का दिले नाही? वडिलांना तो प्रश्न रुचला नाही, तरी त्यांनी आपली बाजू मांडली. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. येथे प्रगतिपुस्तक असते तर त्यावर कोणता शेरा पडला असता, ते सांगावयास नको! केळूसकर मात्र पुस्तक देऊन थांबले नाहीत. महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळावे म्हणून त्यांनीच शब्द टाकला. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेस गेले तेही बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तेव्हाही ते पुस्तक त्यांच्या मनातून गेले नव्हते, हे १९५६ च्या धर्मांतराने दिसून आले.

आता पत्रलेखिकेच्या कन्येकडे वळू. तिला यंदा एक पेचकस, एक पक्कड आणि जुन्या बाजारातील बंद पडलेले किल्लीचे घड्याळ द्यावे, असे आम्ही सुचवितो. ते घड्याळ मोडण्यासाठीच आहे, हे आजींनाही सांगून ठेवावे. विजेवर चालणारी वस्तू मात्र मोठ्यांच्या देखरेखीवाचून उघडू देऊ नये. सोबत कोऱ्या पानांची एक वही द्यावी. कोणते चाक कोठे होते त्याची आकृती काढल्याशिवाय ते परत बसत नाही, हे तिला आपोआप कळेल. पायऱ्या लिहिण्याचा कंटाळा जावयाचा असेल, तर तो असाच जाईल. भिंग, होकायंत्र, नकाशांचे पुस्तक याही उत्तम वस्तू. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृती उभ्या करण्याची अरविंद गुप्ता यांची युक्ती तर जवळजवळ फुकट पडते.

मोबाइलविषयी पुष्कळ पालक विचारतात. त्यात ज्ञान आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नऊ वर्षांच्या मुलीला त्याचे पोट उघडून पाहता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आणखी एक. "पहिली आलीस तर सायकल" ही भेट नव्हे, ती मजुरी झाली. आणि घरात दुसरे, शांत स्वभावाचे भावंड असेल, तर त्याच्या हाती 'हे ताईचे जुने' म्हणून काही देऊ नये.

ग्रंथालयाची वर्गणी हीदेखील भेटच. बडोद्यास १९१० सालापासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, बेळगावास १८४८ चे सार्वजनिक वाचनालय, हैदराबादेस १९२२ चे मराठी ग्रंथसंग्रहालय. पहिल्या खेपेस वडिलांनी सोबत जावे, पुस्तक मात्र मुलीने निवडावे. तिने आणलेले पुस्तक तिच्या वयाला जड वाटले तरी परत करण्याची घाई नको.

राहिला 'उद्धट' हा शेरा. त्यासाठी आईंनी बाईंना एकदा सवडीने भेटावे आणि वर्गात मुलीने कोणता प्रश्न विचारला होता, एवढेच विचारावे. तो प्रश्न आम्हांलाही कळविल्यास पुढील अंकी त्यावर लिहू.