सुरांचीही तालीम हवी

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे. मुलगा हमालाचा असो की पाटलाचा, लंगोट कसून तांबड्या मातीत उतरला की जुन्या रीतीप्रमाणे वस्ताद त्याच्या बापाची मिळकत विचारीत नाही. उद्या पहाटे येशील ना, एवढेच विचारतो. गंमत अशी की, गवयांच्या घराण्यांतही शिक्षणास तालीम हाच शब्द आहे. शब्द एक, पण दरवाजे दोन! अंगात जोर असलेल्या गरिबाच्या पोरास मातीची तालीम मिळते. गळ्यात सूर किंवा बोटांत ताल असलेल्या पोरास मात्र आधी पैशाची पिशवी दाखवावी लागते. हे असे का, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. आम्ही खेड्यातले मास्तर. आमच्या वर्गात एक मुलगा सारखा बाक बडवी. तास कवितेचा असो की गणिताचा, त्याची बोटे थांबत नसत. आम्ही त्यास कितीदा उभे केले, दोनदा वर्गाबाहेर काढले. पुढे गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानावर हलगीचा कडकडाट ऐकून वळून पाहतो तो हाच! आज्याच्या शेजारी उभा राहून असा वाजवीत होता की, पैलवानांची पावलेही त्याच्या ठेक्यावर पडत होती. आम्ही मनात शरमलो. वर्षभर जिला आम्ही खोडी समजलो, ती विद्या होती.

त्याचा बाप शाहूपुरीत हमाली करतो. सुट्टीत आम्ही तिघे मिळून तबल्याच्या एका क्लासात चौकशीस गेलो. शिकविणारे गृहस्थ भले होते. परंतु प्रवेशाची फी, महिन्याची फी, परीक्षेची फी आणि घरी रियाजास तबला-डग्गा, असा हिशेब ऐकून बाप हळूच म्हणाला, "गुरुजी, अजून त्याच्या वह्या घ्यायच्या हायत." त्यापुढे आम्हांस बोलवेना.

आमची तक्रार त्या शिक्षकाविरुद्ध नाही. त्यालाही पोट आहे. तक्रार आहे ती व्यवस्थेविरुद्ध. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांस आपल्या राज्यात दहावीला वाढीव गुण मिळतात. कलेचा हा मान आम्हांस मंजूर आहे. पण ती कला शिकविणार कोण? सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत १०० हून अधिक मुले आहेत, तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. आता आपल्या गावच्या शाळेत पेटीचा सूर ऐकू येतो काय, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे. म्हणजे विद्या बाजारातून विकत घ्यायची आणि गुण सरकारी खात्यात वटवायचे! ज्याच्या बापाने फी भरली त्याचे गुण वाढले. ज्याच्या आज्याने हलगीवर गाव नाचविले त्याचा नातू रांगेत मागे राहिला. यास गुणवत्ता म्हणावयाचे काय?

आधी पोटाचे पाहा, गरिबास गाणे कशाला, असे काही शहाणे म्हणतील. त्यांनी केशवराव भोसले यांस आठवावे. १८९० साली कोल्हापुरात गरिबाघरी जन्मलेला हा मुलगा अगदी कोवळ्या वयात नाटक मंडळीत गेला. १९०८ साली त्याने 'ललितकलादर्श' काढली आणि १९२१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हे जग सोडले. शाहू महाराजांनी उभारलेले १९१५ चे नाट्यगृह पुढे त्याच्या नावाने ओळखले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. हळहळ योग्यच होती. पण गाणे शिकण्यासाठी त्या पोरास आईचा पदर सोडावा लागला, हे आम्ही कधी ध्यानी घेणार? आज तशा नाटक मंडळ्याही उरल्या नाहीत. इमारत पुन्हा बांधता येईल. तीत उभा राहणारा पुढचा केशवराव कोठे शिकणार?

महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्याच महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांस आश्रय दिला. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा सूर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. महाराजांनी एका हाताने शाळा दिली, दुसऱ्या हाताने गायकी सांभाळली. पण त्या शाळेची आणि त्या गायकीची गाठ अजून पडलेली नाही!

हे अशक्य आहे काय? आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले व गाणे दरबाराबाहेर आणून शाळेत बसविले. दूरच्या व्हेनेझुएला देशात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ साली मुलांस शाळा सुटल्यावर फुकट वाद्ये शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. तो देशभर पसरला. तेथे झाले, ते येथे का न व्हावे?

आमचे मागणे लहान आहे. शाळा सुटल्यावर वर्गखोल्या रिकाम्याच असतात. त्यांतली एक तासभर उघडी ठेवावी. शिकविणाऱ्यास नगरपालिका, महापालिका वा ग्रामपंचायतीने मानधन द्यावे. फुकट राबवू नये. वाद्ये शाळेची असावीत आणि परीक्षेची फी मुलाच्या माथी नसावी. मुली अंधाराआधी घरी पोचतील अशी वेळ ठेवावी. आणि तबल्याच्या शेजारी हलगी व ढोलकीसही मानाने जागा द्यावी. घरची विद्या हलकी ठरवून पोराच्या हाती दुसरी देणे हे शिक्षण नव्हे. आरंभ शाहूपुरीतच करावा. गुळाच्या व्यापारासाठी महाराजांनी वसविलेल्या या पेठेत ज्यांच्या बापांनी पाठीवर ढेपा वाहिल्या, त्यांच्या पोरांच्या गळ्यातला गोडवा वाया का जावा?

आमचा तो मुलगा अजूनही बाक बडवतो. आता आम्ही त्यास उभे करीत नाही. पण आम्हांस तबल्याचा एक बोल येत नाही. अध्यापक विद्यालयात आम्हांस तो कोणी शिकविला नाही. नुसते रागे न भरणे म्हणजे शिकविणे नव्हे. त्यास वस्ताद पाहिजे, आणि तो यंदाच पाहिजे. मूल काही सरकारी ठरावाची वाट पाहत लहान राहत नाही.