जवळचा नव्हे, खात्रीचा विमानतळ

‘हक्काचं चिपी असताना आपलीच माणसं गोव्याला पळतात,’ ही तक्रार कुडाळात तिकिटांचं दुकान चालवताना मी सतत ऐकतो. मला ती पटत नाही. माणसं पळत नाहीत, हिशेब करतात, आणि त्यांचा हिशेब चोख असतो.

आमच्या भागाला आज तीन विमानतळ आहेत. गोव्यातला दाबोळी सर्वांत जुना, नौदलाच्या आयएनएस हंसा तळावरचा. सिंधुदुर्गातल्या चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झालं. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्याच्याच पेडणे तालुक्यातल्या मोपाहून विमानं उडू लागली. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीला मोपा सोयीचा. मालवण, परुळे, वेंगुर्ल्याला चिपी हाकेच्या अंतरावर. कुडाळकर मधोमध, त्यामुळे निवडीचा खरा प्रश्न आमच्या काउंटरवर येतो.

परवा एक काका-काकू आले. मुलगी बंगळुरूला, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. मला वाटलं, आधी भाडं विचारतील. काकांनी विचारलं, ‘रातचो उतरलंय तर घराक कसो येतलंय?’ मग काकूंनी विचारलं, ‘त्या दिवशी विमान नक्की जातला मां?’ भाड्याचा विषय तिसरा आला. मी कागदावर दोन रकाने आखले. चिपीच्या रकान्यात रिक्षाचं थोडकं भाडं, पण त्यांना हव्या त्या दिवशी विमान नाही. मोपाच्या रकान्यात टॅक्सीचा मोठा आकडा, पण सकाळचं चुकलं तर संध्याकाळचं आहे. काकांनी मोपावर बोट ठेवलं. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

गोव्यातही हाच न्याय चालतो. मडगाव, वास्कोच्या माणसाला दाबोळी घरचा वाटतो. पण तिथे सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात, तर मोपा चोवीस तास खुला. जून २०२४ मध्ये कतार एअरवेजने दोहाची सेवा दाबोळीहून मोपाला हलवली. आखातात नोकरी करणाऱ्यांनाही त्यामागोमाग जावं लागलं. विमान जिथे, प्रवासी तिथे.

चिपीची अडचण इथेच आहे. २०२१ मध्ये मुंबईची विमानसेवा मोठ्या थाटात सुरू झाली, पुढे ती खंडित झाली. ती सेवा केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली होती, आणि त्या योजनेत तोटा भरून काढणारं अनुदान तीन वर्षं मिळतं. त्यानंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. पण आज आहे, उद्या नाही अशा विमानाच्या भरवशावर लग्नाची, परीक्षेची, ऑपरेशनची तारीख कोण ठरवेल? खात्री नाही म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून विमान नाही. हे चक्र प्रवाशाला दोष देऊन तुटणार नाही.

ते तोडायला नवी इमारत लागत नाही. आधी मुंबईचं विमान एका ठरलेल्या वेळी, किमान वर्षभर न चुकता सुटलं पाहिजे. गणपतीला गर्दी करणारा चाकरमानी शिमग्यालाही त्याच वेळेवर विसंबू शकला, तरच तो कोकणकन्या एक्स्प्रेस सोडून विमानाचा विचार करेल. दुसरं, चिपीला उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला जोडून कुडाळ स्टेशन, मालवण आणि वेंगुर्ल्याकडे एसटी हवी. विमान उशिरा आलं तर थांबणारी. अंतराचा फायदा प्रवाशाच्या दारापर्यंत पोहोचला नाही, तर तो नकाशावरच राहतो.

प्रवाशांनाही एक कळकळीचं सांगणं. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून निघू नका. दाबोळीचा कोड ‘जीओआय’, मोपाचा ‘जीओएक्स’. दोन्हींच्या मध्ये मांडवी आणि झुआरीसारख्या नद्या आहेत. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात, तर विमान तुमच्यासाठी थांबत नाही. आणि तुलना करताना फक्त तिकिटाची नको, घरापासून घरापर्यंतच्या खर्चाची करा.

लोकप्रतिनिधींना मात्र विनंती अशी, की चिपीसाठी अस्मितेचं आवाहन पुरे झालं. आम्हाला वेळापत्रक द्या आणि ते पाळा. सिंधुदुर्गातला माणूस आपणहून चिपीचं तिकीट मागेल.