लेखक कुणाला म्हणायचं?

एसटीनं स्वारगेटला उतरायचं आणि टिळक रस्त्यानं चालत सदाशिव पेठेत शिरायचं. माझं पहिलं बाड मी असंच काखोटीला मारून नेलं होतं. तिथल्या एका प्रकाशकांनी ते चाळलं, 'चाड्यावर मूठ धरली' याखाली रेघ ओढली. म्हणाले, "इथे सरळ 'पेरणी केली' लिहा. वाचकाला कळायला हवं." मी मान डोलावली. मला लेखक व्हायचं होतं ना!

पुस्तक निघालं. शाल-नारळ मिळाला. घरी पोरानं आईला पेरणीचं पान वाचून दाखवलं. तिची सारी हयात तिफणीमागं गेलेली. ऐकून म्हणाली, "हे कुणाच्या रानातलं रं?"

अहो, पेरणी ट्रॅक्टरही करतो. चाड्यावरची मूठ म्हणजे बोटांच्या फटीतून बी सारखं सोडत जाणं. हात चुकला की दाट-पातळ होतं, आणि उगवून आलं की साऱ्या गावाला दिसतं. हे आईला येत होतं. मी ते माझ्या हातानं खोडलं. ज्या दिवशी लोक मला लेखक म्हणाले, त्या दिवशी मी लेखक नव्हतो.

१८८५ साली पुण्यातल्या ग्रंथकार सभेचं न्यायमूर्ती रानड्यांचं आवतण जोतीराव फुल्यांनी नाकारलं. 'शेतकऱ्याचा असूड' तोवर लिहून झाला होता. त्यांना कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी पुस्तकात आली १९५२ साली. मग जात्यावर, शेतात गाणी रचत होत्या तेव्हा त्या कवयित्री नव्हत्या? होत्याच. पुस्तकानं फक्त ते शहराला कळवलं.

आणि आम्हाला 'ग्रामीण लेखक' म्हणतात. पेठेतल्या लेखकाला कुणी 'पेठी लेखक' म्हणतं का? तो नुसता लेखक, आम्ही मात्र कायम विशेषणासकट!

माझ्यापुरतं मी ठरवलंय. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना आपलं रान ओळखू आलं, तर मी लेखक. नाहीतर शाल पांघरलेला कारकून. दुसऱ्या आवृत्तीत चाड्यावरची मूठ मी परत आणली. ते पान ऐकायला आई मात्र राहिली नव्हती.

शब्द अडला तर विचारा की. तुमच्या पुस्तकातला 'दिवाणखाना' आम्ही असाच विचारून शिकलो.