थापटण्याची पारख

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. जमलेल्या संतांत कच्चे कोण, पक्के कोण, हे पाहण्यासाठी काकांनी मडकी थापटण्याचे थापटणे प्रत्येकाच्या डोक्यावर मारले. नामदेवांनी तक्रार केली आणि ते कच्चे ठरले. सत्याच्या उपपत्तींची चर्चा निघाली की आम्हांला ही कथा आठवते.

विधान सत्य केव्हा म्हणावे? ते वस्तुस्थितीशी जुळते तेव्हा, हे एक उत्तर. इतर मान्य विधानांशी सुसंगत असते तेव्हा, हे दुसरे. फलप्रामाण्यवाद म्हणतो, ते खरे मानून कृती केल्यास अनुभवात काय फरक पडेल, ते पाहा. चार्ल्स पर्सने 1878 मध्ये हा विचार मांडला तो कल्पना स्पष्ट करण्याची रीत म्हणून. विल्यम जेम्सने 1907 च्या ग्रंथात तो सत्याच्या उपपत्तीपर्यंत नेला. मराठीत मात्र ‘व्यवहारी’ या शब्दाच्या संगतीने त्याचा अर्थ ‘सोयीचे ते खरे’ असा लावला जातो. हा अर्थ चुकीचा तर आहेच, पण घातकही आहे.

पैसेवारीचेच पाहा. गावाची पैसेवारी 50 पैशांच्या आत की वर, यावर आमच्याकडे पिढ्यानपिढ्या दुष्काळी सवलतींचा निर्णय होत आला. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पाऊस, मातीतील ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे निकष पुढे आणले; मूळ प्रश्न तोच राहिला. समजा, एखाद्या गावाचा आकडा शेजारच्या गावांशी जुळतो, मागच्या अहवालाशीही जुळतो. सुसंगती निर्दोष आहे. पण कापणीच्या वेळी रास त्या आकड्याएवढी भरत नसेल, तर ते विधान कच्च्या मडक्यासारखे आहे. कागदावर आकडा ‘चालला’, म्हणून तो खरा ठरत नाही.

येथे खरा प्रश्न उभा राहतो: फळ कुणाचे मोजायचे? ज्याच्या हाती थापटणे त्याचे, की ज्याच्या डोक्यावर ते बसते त्याचे? पर्सचे उत्तर असे की कसोटी कुणालाही पुन्हा लावून पाहता आली पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दृष्टी आपल्या समाजाकडे वळवली. 1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात त्यांनी ‘जात म्हणजे श्रमविभागणी’ हा दावा त्याच्या परिणामांवर तपासला आणि ती श्रमिकांचीच विभागणी असल्याचे दाखवले. ज्यांना ते परिणाम भोगावे लागत होते, त्यांचा अनुभव त्यांनी पुराव्यात धरला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: कोणतेही ठाम विधान कानी पडले, की ते खरे असल्यास काय दिसायला हवे आणि खोटे असल्यास किंमत कोण मोजणार, हे दोन प्रश्न विचारावेत. नामदेवांच्या तक्रारीला कथेत कच्चेपणाची खूण मानले आहे. कथेपुरते ते ठीक. विचाराच्या व्यवहारात मात्र तक्रार हाच पहिला पुरावा असू शकतो.