मुद्रितशोधन ही फुकटची सेवा नव्हे

धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव असो, धर्मगुरूंच्या दीक्षेचा रौप्यमहोत्सव असो की एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन असो, स्मरणिका निघाल्यावाचून आपला सोहळा पुरा होत नाही. हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. परंतु त्या स्मरणिकेचे अंदाजपत्रक एकदा डोळ्यांखालून घालावे. मंडप, बँड, जेवण, छायाचित्रे, कागद, छपाई, रंगीत मुखपृष्ठ या सर्वांसाठी रकमा मांडलेल्या असतात. मुद्रितशोधनाचा रकाना मात्र शोधून सापडत नाही. छपाईच्या आदल्या संध्याकाळी शंभर पानांचा गठ्ठा एखाद्या शिक्षिकेच्या घरी पोहोचतो आणि निरोप येतो, "बाई, तेवढी नजर फिरवा. सकाळी छापायला द्यायचे आहे."

माझा आक्षेप या 'नजर फिरवण्या'वर आहे. मुद्रितशोधन हे श्रमाचे आणि कौशल्याचे काम आहे. ते फुकट आणि एका रात्रीत मागणे हा करणाऱ्यावर अन्याय आहे, लेखकाचा अवमान आहे आणि वाचकाची फसवणूक आहे. या सवयीचे समर्थन करणारे चार युक्तिवाद आपल्याकडे नेहमी ऐकू येतात. ते एकेक तपासून पाहू.

पहिला युक्तिवाद असा : "भाव महत्त्वाचा, ऱ्हस्व-दीर्घाने काय अडते?" पुष्कळ अडते. 'दीन' म्हणजे गरीब आणि 'दिन' म्हणजे दिवस. 'दीनांचा कैवारी' असे लिहायचे असताना 'दिनांचा कैवारी' छापले, तर आपण प्रभूला पंचांगाचा रक्षणकर्ता ठरवतो. 'मुलाच्या चिंतेने आई रात्रभर जागी होती' या वाक्यातला एक अनुस्वार गळाला, तर मुलगा चितेवर जातो. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. आपल्या पुनरुत्थान विशेषांकांत 'पुनरूत्थान' आणि 'आशिर्वाद' हे शब्द इतक्या वेळा दिसतात की 'पुनरुत्थान' आणि 'आशीर्वाद' ही शुद्ध रूपेच वाचकाला चुकीची वाटू लागावीत. स्तोत्रसंहितेवरील लेखात 'स्त्रोत' छापले जाते. तो 'स्तोत्र'ही नव्हे आणि 'स्रोत'ही नव्हे. तसा शब्दच भाषेत नाही. भाव महत्त्वाचा आहे हे मान्य, पण तो वाचकापर्यंत अक्षरांवरूनच चालत जातो.

१६३१ साली लंडनमध्ये रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या मुद्रकांनी छापलेल्या बायबलमधून 'नको' या अर्थाचा एकच शब्द गळाला. आपल्या गणनेप्रमाणे ती सहावी आज्ञा. परिणामी व्यभिचार करण्याचीच आज्ञा छापली गेली! मुद्रकांना तीनशे पौंड दंड झाला. भाव त्यांचाही शुद्धच असावा.

दुसरा युक्तिवाद : "लेखकाने स्वतः वाचले आहे, मग आणखी कोणी कशाला?" आपण काय लिहायला बसलो होतो हे लेखकाला ठाऊक असते. त्यामुळे त्याचा डोळा कागदावरचे न वाचता मनातले वाचतो. हा दोष अज्ञानाचा नाही. अधिकाराने आणि विद्वत्तेने तो जातही नाही. याचे उदाहरण ख्रिस्तसभेच्याच इतिहासात आहे. १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लॅटिन व्हल्गेट बायबल अधिकृत ठरवले आणि ते शक्य तितके निर्दोष छापले जावे असा आदेश दिला. पोप सिक्स्टस पाचवे यांनी विद्वानांची समिती नेमली. परंतु समितीचे काम पसंत न पडल्याने ते स्वतःच संहिता तपासायला बसले. १५९० साली ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा कित्येक ठिकाणी चुकीच्या शब्दांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून दुरुस्त्या कराव्या लागल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोप निवर्तले आणि काही दिवसांतच कार्डिनलांनी त्या आवृत्तीची विक्री थांबवली. १५९२ साली पोप क्लेमेंट आठवे यांच्या कारकिर्दीत नवी आवृत्ती आली. ती घाईने छापल्यामुळे तीतही मुद्रणदोष राहिले, म्हणून १५९३ आणि १५९८ साली पुन्हा सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. परमगुरूंच्या डोळ्यांतून जे निसटले, ते आपल्या स्मरणिका समितीच्या सचिवांच्या डोळ्यांतून निसटणार नाही असे मानणे हे धारिष्ट्यच म्हणावे लागेल.

तिसरा युक्तिवाद नव्या काळाचा आहे : "आता संगणकच चुका दाखवतो." संगणक कोशात नसलेला शब्द दाखवतो, चुकीच्या जागी बसलेला शब्द तो सहसा सोडून देतो. 'दिन' आणि 'दीन', 'चिता' आणि 'चिंता', 'सुत' आणि 'सूत' हे सर्व शब्द कोशात आहेतच. शिवाय जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी आपली जागा सोडतात, जोडाक्षरे फुटतात. आडनावांचे काय करायचे, हेही यंत्राला कळत नाही. एकाच स्मरणिकेत 'डिसोजा', 'डिसोझा' आणि 'डिसूझा' अशी तीन घराणी दिसतात आणि प्रत्यक्षात ती तीन सख्ख्या भावांची नावे असतात. कोणते रूप बरोबर, हे ते कुटुंबच सांगू शकते. आणि त्यांना विचारायला माणूसच जावा लागतो.

चौथा युक्तिवाद सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे : "ही तर देवाची सेवा आहे." सेवा ती, जी करणारा स्वखुशीने देतो. जी गृहीत धरली जाते आणि नकार दिल्यास जिच्यावरून नावे ठेवली जातात, तिला वेठ म्हणतात. मंडपवाला कॅथलिक असला तरी आपण त्याचे बिल चुकते करतो. मग रात्रभर जागून डोळे ताणणाऱ्या व्यक्तीलाच सेवेचे प्रवचन का? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. त्यावर आपण परिसंवाद घेतो, परिसंवादाची पुस्तिका काढतो आणि त्या पुस्तिकेचे मुद्रितशोधन मात्र फुकट करून घेतो! ही विसंगती आपल्याला बोचत नाही, याचेच दुःख अधिक.

एक आक्षेप मात्र मी आदराने ऐकतो. शुद्धतेच्या नावाखाली आमची बोली पुसली जाते, अशी तक्रार आमच्या सामवेदी, वाडवळी आणि कोळी लेखकांची आहे. ती खरी आहे, आणि तिचा दोष अर्धशिक्षित शोधकाकडे जातो. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम प्रमाण लेखनासाठी आहेत. बागायतीतल्या आजीच्या तोंडचे वाक्य सरळ करण्यासाठी ते केलेले नाहीत. निवेदनात 'प्रभू' एकटा असताना दीर्घ आणि 'प्रभुभोजन' या समासात ऱ्हस्व, हे शोधकाने पाहावे. संवादातला बोलीचा शब्द मात्र लेखकाला विचारल्यावाचून बदलू नये. चूक आणि वेगळेपण यांतला फरक ज्याला कळतो, तोच खरा शोधक; आणि तो घडवायला शिक्षण व मोबदला दोन्ही लागतात. फुकट नजर फिरवून घेणाऱ्यांना अशी नजर मिळणार कोठून?

मग करावे काय? समित्यांनी प्रथम अंदाजपत्रकात मुद्रितशोधनाचा रकाना घालावा आणि छपाईच्या वेळापत्रकात त्यासाठी पुरते दिवस राखून ठेवावेत. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन कामे निराळी समजावीत. लेखाची रचना, पुनरुक्ती, तपशील यांचा विचार अक्षरजुळणीपूर्वी व्हावा, अक्षरांचा त्यानंतर. मुद्रित छापील कागदावर वाचावे. पहिल्या वाचनात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रित पाहावे; गळलेली ओळ अशीच सापडते. दुसरे वाचन नावे, सन आणि आकडे यांसाठीच ठेवावे. तिसरे मथळे, छायाचित्रांखालच्या ओळी आणि अनुक्रमणिका यांसाठी, कारण सर्वांत मोठ्या टायपातली चूक सर्वांत शेवटी दिसते. दुरुस्त्या झाल्यावर ती ओळ आणि तिच्या आजूबाजूच्या ओळी पुन्हा पाहाव्यात.

स्वतंत्रपणे हे काम करणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. पाने किती, वाचने किती, मुदत कोणती आणि मोबदला काय, हे आधी लिहून घ्यावे. आडनावे, संतांची नावे आणि वादग्रस्त रूपे यांची यादी पहिल्या पानापासून करत जावी. शंका असेल तेथे समासात प्रश्नचिन्ह करावे, मजकुरात हात घालू नये. एका रात्रीचे काम आले तर नम्रपणे परत करावे. आपण एकदा हो म्हटले की पुढच्या वर्षीही गठ्ठा रात्रीच येतो.

हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या सतराव्या शतकातील तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते आपल्या हाती आले, ते १९०७ साली मंगळूरला जे. एल. सालढाणा यांनी हस्तलिखिते ताडून संहिता सिद्ध केली म्हणून. अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्या माणसांनी आपले आद्य महाकाव्य वाचवले आहे. आपल्या स्मरणिकांचा दर्जा निराळा असेल, पण अनेक वाड्यांचा, कुटुंबांचा, जुन्या क्रुसांचा लेखी इतिहास तेवढाच आहे. त्यात आजोबांचा मृत्यू दहा वर्षे अलीकडे छापला गेला, तर पुढचा लेखक तोच सन उचलील, त्याच्यावरून तिसरा उचलील, आणि खरे सांगणारे कोणी उरलेले नसेल. तेव्हा पुढच्या स्मरणिकेच्या पहिल्या सभेत बँडचा दर ठरण्यापूर्वी एखाद्या सभासदाने उभे राहून विचारावे : मुद्रिते कोण वाचणार, किती दिवसांत, आणि आपण त्याला काय देणार?